धक्क्यावरून गडाकडे: अथेन्सहून एका दिवसाची खासगी सफर

अथेन्सहून सकाळी निघून रात्री परत, एवढ्या वेळात ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाचा ईशान्य कोपरा बघायचा आणि तोही आई-बाबांना घेऊन, म्हणजे बसची सहल नको, हे मी कोल्हापुरातूनच ठरवलं होतं. बसवाल्यांचा शिरस्ता ठरलेला असतो. कॉरिंथच्या कालव्यावर फोटोपुरतं थांबायचं, मायसीनीच्या प्राचीन गडाचा चढ भर उन्हात चढायचा, नाफ्प्लियो या बंदराच्या गावी घाईघाईत जेवायचं, आणि एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाच्या दारात पोचेपर्यंत माणसं गळून गेलेली असतात. आईचे गुडघे दुखतात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एखाद्या बांधकामापाशी उभे राहिले की हलत नाहीत. या दोघांच्या कलाने चालणारी गाडी हवी होती.

माझी स्वतःची अट वेगळी होती. ग्रीसमधले अवशेष आपण बहुधा डोंगरावरचे दगड म्हणून बघतो आणि परततो. मला ते त्यांच्या बंदरांसकट बघायचे होते. हा मुलूख समुद्रावर जगला. गडावर सोनं आलं कुठून, देवळांना पैसा पुरवला कुणी, याची उत्तरं खाली धक्क्यावर मिळतात. चौल, सोपारा, विजयदुर्ग बघत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

गाडी ठरवताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ग्रीसमध्ये चालक आणि मार्गदर्शक ही दोन वेगळी कामं आहेत. चालक रस्त्याने हवं तेवढं सांगेल, पण उत्खननस्थळाच्या फाटकाच्या आत पर्यटकांना माहिती सांगत फिरवण्याचा अधिकार सरकारी परवाना असलेल्या मार्गदर्शकालाच असतो. बऱ्याच जाहिरातींत हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक जागेवर जाऊन हिरमुसतात. मी दिवसभरासाठी फक्त गाडी घेतली आणि मायसीनीपुरती एक परवानाधारक मार्गदर्शक वेगळी ठरवली. एपिडॉरसचं वाचन घरीच करून ठेवलं होतं.

दर मागवताना टोल, इंधन, पार्किंग आणि उशीर झाला तर जादा तासाचे पैसे, हे सगळं लेखी घ्यावं. एका ठिकाणाहून आलेल्या बेतात दोन थांब्यांच्या मधोमध मातीच्या भांड्यांचं दुकान घुसवलेलं होतं. ते काढा म्हटलं तर टाळाटाळ सुरू झाली, मग त्यांना रामराम केला. शेवटी ज्यांच्याशी जमलं त्यांनी उलट मलाच विचारलं, आईंना उंच पायरीची गाडी चालेल का? ग्रीसमधल्या कुणीतरी हा प्रश्न आपणहून विचारला, तिथेच माझं ठरलं. स्थळांची तिकिटं सरकारी संकेतस्थळावरून आधीच काढली. उन्हाळ्यात एपिडॉरस आणि मायसीनी दोन्ही सकाळी आठ ते रात्री आठ उघडी असतात, त्यामुळे बसवाल्यांच्या उलट्या क्रमाने फिरायला भरपूर वाव मिळतो. आधी किनाऱ्याने एपिडॉरस, दुपारी नाफ्प्लियो, ऊन उतरल्यावर मायसीनी, असा बेत बसला.

मे महिन्याची सुरुवात होती. चालक साठीचे गृहस्थ, मोजकं बोलणारे. अथेन्स संपलं की एलेफ्सिनाचा उपसागर लागतो. तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, गंजत उभी असलेली जहाजं, आणि पलीकडे सालामिस बेट. इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी आरमाराचा पराभव झाला तो याच बेटालगतच्या चिंचोळ्या पाण्यात. पुढे मेगारानंतर डोंगर थेट समुद्राला भिडतो आणि रस्ता बोगद्यांतून जातो. तासाभरात कालवा.

कॉरिंथचा कालवा फोटोत शंभर वेळा पाहिलेला असतो, तरी पुलावरून खाली बघताना पोटात खड्डा पडतोच. लांबी सहा किलोमीटरच्या थोडी वर, तळाशी रुंदी जेमतेम २१ मीटर, आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ उभे कापलेले कडे. बाबा कठड्याला धरून एका जागी खिळले. ‘खडक एकसंध नाही बघ,’ ते म्हणाले. ‘थर सरकलेत. हा पांढरट भाग मऊ आहे. एवढा उभा काप ठेवलाय, तो दरडी टाकणारच.’ आणि तसंच घडत आलं आहे. १८८२ मध्ये काम सुरू झालं, पहिली कंपनी बुडाली, १८९३ मध्ये कालवा उघडला आणि तेव्हापासून दरडी त्याच्या पाचवीला पुजलेल्या. दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्याने मुद्दाम कडे पाडून तो बुजवला. २०२१ च्या सुरुवातीला पुन्हा मोठ्या दरडी आल्या आणि वाहतूक थांबवावी लागली. शिवाय आजची मोठी मालवाहू जहाजं त्यात मावतच नाहीत. तरीही लहान जहाजांचा पेलोपोनीजला पडणारा सुमारे ७०० किलोमीटरचा वळसा तो वाचवतो.

दोन समुद्रांमधली ही चिंचोळी जमीन ओलांडायची धडपड फार जुनी. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास कॉरिंथकरांनी इथे दगडी फरसबंदीचा मार्ग बांधला, त्याला दिओल्कोस म्हणतात. त्यावरून माल आणि हलकी जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेत. इसवी सन ६७ मध्ये रोमन सम्राट नीरोने खोदाई सुरू केली, हजारो ज्यू युद्धकैदी जुंपले. पुढच्या वर्षी तो मेला आणि काम थांबलं. बाबांना यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर पूर्वेच्या तोंडाशी असलेला बुडणारा पूल. जहाज आलं की हा पूल वर उचलला जात नाही, सरळ पाण्याच्या तळाशी जातो आणि जहाज त्याच्यावरून निघून जातं. आम्ही गेलो तेव्हा तो जागेवर स्थिर होता, पण बाबांनी त्याचे खांब आणि दोर खाली वाकून वाकून बघितले.

तिथून दक्षिणेला थोडं गेलं की केंख्रिए. माझ्यासाठी दिवसाचा गाभा इथेच होता, आणि कुठल्याही बसच्या यादीत हे नाव मला दिसलं नव्हतं. खाडीसारखं वळण, खडे पसरलेला किनारा, आणि जमिनीवरून सुरू होऊन पाण्यात उतरत गेलेल्या भिंती. प्राचीन कॉरिंथची दोन बंदरं होती. पश्चिमेचं लेखेऑन, त्याचं तोंड इटलीकडे. पूर्वेचं केंख्रिए, त्याचं तोंड एजियन बेटं, आशिया मायनर आणि इजिप्तकडे. शहराची सगळी श्रीमंती या दोन धक्क्यांवरून वर चढली. भूकंपांनी आणि जमीन खचल्याने बंदराचा बराचसा भाग आता पाण्याखाली आहे.

आई एका घडीव दगडावर बसून पाण्यात पाय सोडून होती. तिच्या पायांपासून वावभर अंतरावर एका खोलीचा काटकोनी कोपरा अगदी स्वच्छ दिसत होता. पाया, त्यावर दगडांचे दोन थर, सांध्यात चिकटलेले काळे समुद्री साळू, आणि उंबरा असावा अशा चिऱ्यावरून इकडून तिकडे जाणारे बोटाएवढे मासे. थोडं पुढे ख्रिस्ती काळातल्या चर्चची अर्धगोल भिंत निम्मी पाण्यात उभी होती. १९६० च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा काचेच्या तुकड्यांनी घडवलेली शंभराहून अधिक चित्रफलकं सापडली, तीही बांधून आणलेल्या खोक्यांमध्ये, एकाला एक टेकवून ठेवलेली. भिंतीवर लावण्याआधीच चौथ्या शतकात भूकंपाने सगळं गाडलं. त्या फलकांवर नाईल नदीतले पक्षी आणि कमळं आहेत, आणि चक्क बंदरांची दृश्यंही आहेत. ती आता जवळच्या इस्थमियाच्या संग्रहालयात असतात. आम्ही गेलो त्या दिवशी ते बंद होतं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनिअस नावाचा प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की केंख्रिएला समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती होती आणि बंदराच्या दुसऱ्या टोकाला अस्क्लेपिअस हा देव आणि आयसिस ही इजिप्तची देवी यांची स्थानं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तसे बाबा एकदम म्हणाले, ‘अगं, मग आपल्या टाउन हॉलातला तो?’

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथे सातवाहन काळातली वस्ती निघाली, आणि तिथल्या कांस्याच्या वस्तूंमध्ये पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. ग्रीकांचा हा समुद्रदेव आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तो केंख्रिएहूनच निघाला असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. रोमन काळात अशा लहान मूर्ती भूमध्य समुद्राकाठच्या कितीतरी गावांत असत. पण वाट हीच. या बाजूच्या बंदरांतून अलेक्झांड्रिया, तिथून नाईलने वर, मग वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राचा किनारा, आणि पुढे मोसमी वाऱ्यावर भडोच, सोपारा, कल्याण. मग घाट चढून पैठण, तेर, कोल्हापूर. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांनी, म्हणजे ग्रीक वा पाश्चिमात्य लोकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. लहानपणापासून हे सगळं मी आपल्या बाजूने बघत आले होते. केंख्रिएच्या धक्क्यावर उभी राहून तीच वाट मला पहिल्यांदा पलीकडच्या टोकाकडून दिसली, आणि मी अक्षरशः शहारले. आम्ही तिथे ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ काढला. चालक गाडीला टेकून उभे होते, एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. खासगी गाडीचे पैसे माझ्या लेखी तिथेच वसूल झाले.

पुढचा रस्ता किनाऱ्याने. पाइनची झाडं, एकाआड एक खाड्या. पालिया एपिडॉव्हरॉस या छोट्या मासेमारी बंदरावर कॉफी घेतली. नौका, जाळी, मागे संत्र्यांच्या बागा. इथेही प्राचीन नगराचं एक लहान नाट्यगृह आहे, त्याच्या आसनांवर नावं कोरलेली आहेत. मोठ्या एपिडॉरसला जाणारे रोगी समुद्रमार्गे यायचे ते याच बंदरात उतरून.

आणि मोठं एपिडॉरस म्हणजे मुळात दवाखानाच. आपण नाट्यगृहासाठी जातो, पण लोक इथे शतकानुशतकं बरं व्हायला येत होते. अस्क्लेपिअस हा वैद्यकाचा देव. आंघोळ, बळी, मग देवळाशेजारच्या लांबट दालनात रात्री झोपायचं. देव स्वप्नात येऊन उपचार करतो किंवा काय करायचं ते सांगतो. बरे झालेल्यांच्या हकिगती दगडांवर कोरून लावत, त्यातले काही शिलालेख तिथल्या संग्रहालयात आहेत. एक माणूस सहा वर्षं जबड्यात भाल्याचं टोक घेऊन वावरत होता, ते निघालं. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. नुसत्या स्वप्नाने पांगळे-आंधळे बरे होतात म्हणे, म्हणून ती हसली. देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, बरं करीन, पण अडाणीपणाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहावं लागेल. मग त्याने डोळा चिरून औषध ओतलं आणि सकाळी तिला दिसू लागलं.

आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. त्याच संग्रहालयात शस्त्रक्रियेची कांस्याची हत्यारं मांडली आहेत. ती कपाटापाशी वाकली आणि एकेक ओळखत गेली: हा चिमटा, ही जखमेची खोली बघायची सळई, हे खरवडायचं. ‘आमच्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये हेच असायचं,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘स्वप्न-बिप्न असेल, पण कुणीतरी हाताने काम करत होतं इथे.’ एपिडॉरसबद्दल मी जे काही वाचलं होतं त्यात एवढं नेमकं वाक्य मला सापडलं नव्हतं.

नाट्यगृह इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं. खाली ३४ आणि वर २१ मिळून ५५ रांगा. तेरा-चौदा हजार माणसं बसतील एवढं. बाबा दोन टप्प्यांच्या मधल्या वाटेपर्यंत चढून गेले. आई खाली गोलाच्या मधोमध उभी राहिली. काय बोलू, काय बोलू करत शेवटी अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, ‘अहो, पाण्याची बाटली तुमच्याकडेच राहिली.’ वर बाबांनी बाटली उंच करून दाखवली. आजूबाजूचे परके लोकही हसले, भाषा न कळताच.

टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते असं सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यापीठाने २०१७ मध्ये रीतसर मोजमापं जाहीर केली, त्यात कुजबुज फक्त पुढच्या रांगांनाच समजते असं निघालं. मोठ्या, स्पष्ट आवाजाची गोष्ट वेगळी. तो वरपर्यंत जातो. चुनखडी दगडांच्या पायऱ्यांची रचना खालच्या पट्टीतला गोंगाट दाबते, असं २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासाचं म्हणणं आहे. मला तर दंतकथेपेक्षा ही मोजमापंच जास्त मोठी वाटतात. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या डोळ्यांपुढे हजारोंपर्यंत शब्द पोचवायचं काम होतं, आणि ते काम ही जागा उन्हाळ्याच्या महोत्सवात आजही करते.

नाफ्प्लियोला पोचेपर्यंत दोन वाजले होते. चालकांनी धक्क्यावरची पर्यटकी हॉटेलं सोडून आतल्या गल्लीत नेलं. आई शाकाहारी, तिला टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी, आणि पिवळ्या डाळीचा घोटलेला फावा मिळाला, त्यावर कच्चा कांदा. ती पोटभर जेवली, आणि परदेशात हे लिहिण्यासारखं असतं.

गाव देखणं आहे. अथेन्सच्या आधी, १८३४ पर्यंत, स्वतंत्र ग्रीसची राजधानी हीच. देशाचा पहिला शासक कापोदिस्त्रियास याला ९ ऑक्टोबर १८३१ रोजी संत स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात मारलं; भिंतीवरची गोळीची खूण काचेखाली जपलेली आहे. चौकातल्या जुन्या व्हेनिशियन कोठारात संग्रहालय आहे, तिथलं जवळच्या देंद्रा गावी सापडलेलं चिलखत चुकवू नये: साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, पत्र्याच्या एकावर एक पट्ट्यांचं, संपूर्ण कांस्याचं.

बंदराच्या तोंडाशी खडकावर बुर्त्झीचा किल्ला. १४७३ मध्ये व्हेनिसवाल्यांनी बांधला. तिथून किनाऱ्यापर्यंत साखळी ताणून ते बंदर बंद करत. बाबा म्हणाले, ‘आपला सिंधुदुर्ग याच्या कितीतरी पट.’ आकाराने खरंच आहे. पण व्हेनिसचा बेत निराळा होता. त्यांना बेटावर राजधानीच्या तोडीचा गड नको होता, बंदराची कडी हवी होती. गड त्यांनी मागे डोंगरावर, पालामिदीला बांधला, १७११ ते १७१४ मध्ये, आणि १७१५ मध्ये तो तुर्कांकडे गेलासुद्धा. तिथे जायला ९९९ पायऱ्या सांगतात. मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे, आम्ही दारापर्यंत जाऊन आखात पाहिलं आणि उतरलो.

मायसीनीला पाच वाजता मार्गदर्शक बाई फाटकाशी उभ्या होत्या. बसगाड्या परतल्या होत्या. सिंहद्वार इसवी सनपूर्व १२५० च्या सुमाराचं. वरचा आडवा दगड वीस टनांच्या घरातला. त्याच्यावर भार येऊ नये म्हणून भिंतीत त्रिकोणी पोकळी सोडली आणि तीच सिंहांच्या शिळेने भरली. सिंहांची डोकी वेगळी बसवलेली होती, ती नाहीशी झाली आहेत. बाबांनी तो त्रिकोण हवेत बोटाने काढून दाखवला आणि बाईंनी मान डोलावली. पुढे दोघांचं छान जमलं.

आत शिरल्यावर उजवीकडे राजघराण्याच्या कबरींचं वर्तुळ. १८७६ मध्ये हाइनरिख श्लीमान या जर्मन संशोधकाने इथे सोन्याचे मुखवटे काढले आणि एकाला ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतला राजा आगामेम्नॉन ठरवलं. प्रत्यक्षात तो मुखवटा ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळापेक्षा काही शतकं जुना. सोन्यापेक्षा मला दुसऱ्या वस्तूंबद्दल विचारायचं होतं. त्या कबरींत बाल्टिक समुद्राकडचा अंबर मिळाला, शहामृगाच्या अंड्यांची पात्रं मिळाली. किल्ल्यात इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप याच्या नावाच्या पट्ट्या निघाल्या. बाईंनी आम्हांला वर, राजवाड्याच्या चौथऱ्यापर्यंत नेलं. आईसुद्धा थांबत थांबत आली. तिथून आर्गोसचं मैदान आणि त्याच्या टोकाला आखाताची रेघ दिसते. मैदानाचा तो भाग नद्यांच्या गाळाने भरत गेला. त्या काळी किनारा आणखी आत होता, आणि तिरिन्सचा गड समुद्राला बराच जवळ. मायसीनीचा राजा सकाळी उठून काय बघत असेल, हे त्या चौथऱ्यावर मला कळलं. शेतं, आणि त्यापलीकडे आपली बंदरं.

शेवटी अट्रिअसचा खजिना म्हणतात ती कबर. ३६ मीटरची भिंतीआड वाट, आणि आत दगडांची वर्तुळं वर वर आवळत नेलेला साडेतेरा मीटर उंच घुमट. दारावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची. बाबांनी ती कशी चढवली असेल याचे तीन पर्याय मांडले, बाईंनी दोन खोडून काढले. तिथून त्यांना बाहेर काढायला आईला आवाज द्यावा लागला.

जुनं कॉरिंथ आम्ही मुद्दाम सोडलं. अपोलोच्या देवळाचे सात अखंड दगडी खांब आणि मागचा अक्रोकॉरिंथचा डोंगर रस्त्यावरून ओझरता बघण्याची जागा नव्हे, आणि एका दिवसात यापेक्षा जास्त कोंबलं असतं तर केंख्रिएचा वेळ गेला असता. कॉरिंथपर्यंत अथेन्सहून उपनगरी रेल्वे जाते. पुढच्या खेपेला तिथेच मुक्काम करून ते, लेखेऑन आणि काचचित्रांचं संग्रहालय निवांत करायचं असं परतीच्या वाटेवर ठरलं, आणि हॉटेलच्या दारात उतरताना बाबांनी चालकांचा नंबर स्वतःच्या वहीत लिहून घेतला.